शिरोलीच्या फौंड्रीतलं केबलिंग: शील्ड कुठं, साधी कुठं (प्रकल्प नोंदी)

१७ जानेवारी २०२५

संक्रांत झाली, आणि कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं (धातू ओतायच्या कारखान्याचं) नेटवर्क केबलिंगचं काम हातात आलं. आज पहिली पाहणी. पुढं दोन मजली ऑफिस, त्याला चिकटून स्पेक्ट्रोमीटरची (धातूत काय किती आहे ते तपासायची) लॅब, मागं मशीन शॉप आणि रस्ता ओलांडला की इंडक्शन भट्ट्यांची पत्र्याची शेड. गेटवर वजनकाटा.

तक्रार अशी: भट्टी लोडवर आली की वजनकाट्याचा संगणक सर्व्हरपासून तुटतो, शेडमधल्या कॅमेऱ्यांचं चित्र गोठतं, लॅबचा रिपोर्ट भट्टीवर पोचेपर्यंत धातू ओतायची वेळ टळून जाते. मालकांचा निकाल तयार होता: "केबल हलकी हाय. सगळीकडं शील्डवाली टाका, कॅट सेव्हन टाका. पैशाचं बघू." तसं एक कोटेशनही टेबलावर होतं. ऑफिसपासून गेटपर्यंत सरसकट कॅट सेव्हन, आणि अर्थिंगचा त्यात एक शब्द नाही. (शील्ड म्हणजे तारांभोवतीचं धातूचं आवरण, कॅट म्हणजे कॅटेगरी, केबलची प्रतवारी.)

ट्रे बघितला. शेडमध्ये केबली ठेवायचा ट्रे एकच. तळाला ड्राइव्हपासून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रापासून) मोटरींकडं जाणाऱ्या जाड केबली, आणि त्यांनाच प्लास्टिकच्या टायनं आवळून बांधलेली करड्या रंगाची कॅट फाइव्ह ई. तीच पुढं भट्टीच्या पॅनेलच्या पाठीला हातभर अंतरावरून जाते. वजनकाट्याकडं जाणारी केबल चालत मोजली तर सर्व्हरपासून शंभर मीटरच्या मर्यादेच्या बरीच पुढं भरली. मध्ये एका डब्यात दोन केबली पिळून, टेप लावून जोडल्या आहेत. ही केबल चालत होती हेच नवल.

मालकांना एवढंच सांगितलं की आधी मोजमाप करू, केबलचा प्रकार त्यानंतर ठरवू. त्यांना ते फारसं पटलं नाही.

२० जानेवारी

मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनला सगळे मामा म्हणतात. मामांचा सरळ सवाल: "उघडी वायर एवढ्या लांबून डेटा नेतीयच कशी? शील्ड नसंल तर भट्टीचा सगळा कचरा आत घुसणारच की."

त्यांना कागदावर काढून दाखवलं. केबलमध्ये पिळलेल्या तारांच्या चार जोड्या. जोडीतल्या एका तारेवर सिग्नल सुलटा, दुसऱ्या तारेवर तोच उलटा, आणि पलीकडचं यंत्र या दोघांतला फक्त फरक वाचतं. बाहेरून आलेला त्रास दोन्ही तारांवर सारखाच बसला, तर वजाबाकीत तो उडून जातो. तो सारखा बसावा म्हणून पीळ: दर अर्ध्या पिळाला तारांच्या जागा बदलतात, त्यामुळं त्रासाच्या जवळ कधी ही तार, कधी ती. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं १८८१ मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी याच कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. इथरनेटच्या पोर्टमध्ये त्यावर आणखी एक ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे केबल आणि यंत्राचं इलेक्ट्रॉनिक्स यांच्यात थेट जोड नसतोच.

म्हणून साधी केबल बिनसंरक्षणाची नसते. तिचं संरक्षण पिळात आणि दोन तारांच्या समतोलात असतं. चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळ्या लांबीचा ठेवतात, नाहीतर शेजारच्या दोन जोड्यांची वळणं समोरासमोर येऊन एकीचं बोलणं दुसरीत ऐकू आलं असतं.

मामा म्हणाले, "मग शील्डवाली केबल बनवलीच कशाला कंपन्यांनी?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मीटर लावल्यावर.

२२ जानेवारी

लक्ष्मीपुरीतल्या दुकानांतून आणि आमच्या गोडाऊनमधून नमुने गोळा केले, तुकडे कापून मालकांच्या टेबलावर ठेवले. दुकानात शील्डवाल्या सगळ्यालाच एसटीपी (शील्डेड ट्विस्टेड पेअर) म्हणतात, आणि खोक्यावर तेवढंच छापलेलं असेल तर आत काय निघेल याचा भरवसा नाही. केबलच्या अंगावरचं छापील बघायचं. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ/आयईसी ११८०१ मध्ये लिहायची पद्धत सोपी आहे: तिरक्या रेघेच्या आधीचं अक्षर सगळ्या केबलभोवतीच्या आवरणाचं, रेघेनंतरचं प्रत्येक जोडीभोवतीच्या आवरणाचं. यू म्हणजे काही नाही, एफ म्हणजे फॉइल (धातूचा पातळ कागद), एस म्हणजे तारांची विणलेली जाळी. शेवटचं टीपी म्हणजे पिळलेली जोडी.

यू/यूटीपी ही आपली रोजची साधी. एफ/यूटीपीत चारही जोड्यांभोवती मिळून एक फॉइल आणि तिला चिकटून एक उघडी ड्रेन वायर (फॉइलला अर्थिंगशी जोडायला). भारतात शील्डवाली म्हणून जी खपते ती बहुतेक हीच. यू/एफटीपीत उलटं, बाहेर काही नाही पण प्रत्येक जोडीला स्वतःची फॉइल. एसएफ/यूटीपीत बाहेरून फॉइलही आणि जाळीही, आतल्या जोड्या उघड्या. कारखान्यातल्या यंत्रांच्या नेटवर्कला वापरतात त्या हिरव्या प्रोफिनेट केबलची बांधणी साधारण अशीच असते, फक्त जोड्या दोनच. आणि एस/एफटीपी म्हणजे जोडीजोडीला फॉइल, वर जाळी. जर्मनीत ऑफिसांतसुद्धा ही सर्रास घालतात, अमेरिकेत आणि आपल्याकडं साध्या केबलचंच राज्य.

जुन्या लोकांच्या डोक्यात एसटीपी म्हटलं की आयबीएमच्या टोकन रिंग या जुन्या नेटवर्कची जाडजूड केबल येते. ती १५० ओमची होती (हा इम्पीडन्स, धावत्या सिग्नलला होणारा अडथळा, तारेचा साधा रोध नव्हे). आजच्या सगळ्या केबली, शील्ड असो वा नसो, १०० ओमच्या. नाव तेच राहिलं तरी तिचा आणि यांचा संबंध नाही.

मालकांनी तुकडे हातात घेऊन बघितले आणि जाळीवाला बाजूला काढला. "ही भारी दिसतीय." दिसते खरी.

कॅट सेव्हनचंही आजच मिटवलं. कॅटेगरीचा आकडा आणि शील्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा सांगतो केबल किती मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली आहे: फाइव्ह ई १००, सिक्स २५०, सिक्स ए ५००, सेव्हन ६००, एट २०००. अमेरिकन टीआयए मानकांनी कॅट सेव्हनला कधी मान्यताच दिली नाही, आणि आयएसओच्या व्यवस्थेत तिला नेहमीचा आरजे ४५ कनेक्टर (संगणकाच्या नेटवर्क पोर्टमध्ये बसतो तो) नव्हे, जीजी ४५ किंवा टेरा हे कनेक्टर लागतात. आरजे ४५ लावलेली कॅट सेव्हन म्हणजे सिक्स ए च्या कामाला जास्त पैसे. कॅट एट तर डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या जोडणीसाठी आहे. मालकांच्या पुण्यातल्या भाच्यानं फोनवर तेच सांगितलं, तेव्हा कुठं त्यांना पटलं.

२४ जानेवारी

बाजारातून आणलेल्या एका खोक्यावर कॅट सिक्स आणि शुद्ध तांबं असं छापलेलं. उचलल्यावरच हलकं लागलं. तार ब्लेडनं खरवडली तर आत पांढरी: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. मल्टिमीटरनं खात्री केली. पूर्ण ३०५ मीटरच्या खोक्यात एका जोडीची शेवटची टोकं एकत्र पिळली आणि या टोकाला मोजलं, तर ८१ ओम. मानकाप्रमाणं एका तारेचा रोध १०० मीटरला ९.३८ ओमच्या वर जाता कामा नये, म्हणजे जाऊन येऊन ५७ च्या आत हवा.

असली केबल कुठल्याच कॅटेगरीत बसत नाही. डेटा कदाचित जाईल, पण कॅमेऱ्याला याच केबलमधून वीज द्यायची आहे. वाढलेल्या रोधात वीज उष्णता होऊन जाणार, आणि ॲल्युमिनियमची तार दोन-चार वेळा वाकवली की जॅकच्या तोंडाशी तुटणार. खोकं परत. यापुढं प्रत्येक खोकं साइटवर मोजूनच उघडायचं, असं पोरांना सांगितलं.

२८ जानेवारी

आजचा दिवस अर्थिंगचा. सबंध कामाचा निकाल इथंच लागला.

मामांना बरोबर घेऊन ऑफिसच्या अर्थ पट्टीपासून शेडच्या अर्थ पट्टीपर्यंत एक लांब तार ओढली आणि दोन्हींतला व्होल्टेज मोजला. भट्ट्या बंद असताना नगण्य. एक भट्टी पूर्ण लोडवर आणली, तेव्हा तीन-साडेतीन व्होल्ट, आणि आकडा स्थिर नाही. मशीन शॉप आणि ऑफिस यांची पट्टी एकाच जाळ्यात जोडलेली आहे, तिथं फरक पाव व्होल्टसुद्धा नाही. गेटवरच्या वजनकाट्याचा अर्थिंगचा खड्डा वेगळाच, आणि त्यात पाणी कधी घातलं होतं ते कुणालाच आठवत नाही.

शील्डच्या दोन्ही टोकांना अर्थिंग मिळायला हवं, आणि त्या दोन टोकांमधला फरक १ व्होल्टच्या आत हवा, असं मानक सांगतं. ऑफिस ते शेड शील्डवाली केबल टाकली असती, तर तिची फॉइल आणि ती बारीक ड्रेन वायर दोन इमारतींच्या अर्थिंगला जोडणारा पूल झाली असती. भट्टी चालू असेपर्यंत तिच्यातून करंट फिरत राहिला असता. ज्या त्रासासाठी शील्ड घ्यायची, तोच शील्डनं घरात आणला असता. कोटेशनमध्ये नेमकं हेच मांडलेलं होतं.

मामांचं म्हणणं, "मग एकाच टोकाला अर्थ द्या, आम्ही इन्स्ट्रुमेंटच्या वायरीला तसंच देतो." तापमान-दाबाच्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलला ते ठीक आहे. तिथला सिग्नल संथ, शत्रू ५० हर्ट्झचा. इथरनेटचा सिग्नल शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत जातो. त्या वेगाला एका बाजूनं मोकळी सोडलेली शील्ड त्रास अडवण्याऐवजी अँटेनासारखी वागू लागते. दोन्ही टोकं जोडायची, आणि जोडता येतील अशी जमीन खाली असेल तिथंच शील्ड घालायची. तशी जमीन नसेल तर इमारतींमध्ये तांबंच नको.

मामांनी मान हलवली, पण वहीत लिहून घेतलं नाही. म्हणजे अजून पुरतं पटलेलं नाही.

२९ जानेवारी

कालच्या आकड्यांवरून मालकांपुढं मांडलेली योजना. ऑफिस: कॅट सिक्स यू/यूटीपी. मशीन शॉप आणि लॅब: कॅट सिक्स ए एफ/यूटीपी, कारण सीएनसीचे (संगणकावर चालणाऱ्या कटिंग यंत्रांचे) ड्राइव्ह जवळ आहेत आणि अर्थिंग एकजीव आहे. ऑफिस ते शेड आणि ऑफिस ते वजनकाटा: फायबर (प्रकाशानं डेटा नेणारी काचेची केबल), धातू नसलेली, उंदरांसाठी काचेच्या धाग्यांचं आवरण असलेली. शेडमध्ये भट्टीपासून लांबच्या भिंतीवर धूळबंद कपाट, त्यात नेटवर्कचा स्विच (सगळ्या केबली एकत्र जोडणारं यंत्र), आणि तिथून पुढं आखूड अंतराला एस/एफटीपी.

ऑफिसला सिक्स ए का नाही, हे मालकांनी विचारलंच. त्यांच्या टेबलांना १ गिगाबिट पुरून उरतं. उद्या वाय-फायच्या पेट्या अडीच किंवा पाच गिगाबिटच्या आल्या, तरी २०१६ च्या मानकानं तो वेग कॅट सिक्सवर चालतो. १० गिगाबिट मात्र कॅट सिक्सवर ३७ ते ५५ मीटरपर्यंतच धरायचं, कारण शेजारच्या केबलीच एकमेकींत बोलू लागतात. पूर्ण १०० मीटर हवे असतील तर सिक्स ए लागते. एक मजेची गोष्ट त्यांना दाखवली: साधी सिक्स ए ही शील्डवाल्या सिक्स ए पेक्षा बऱ्याचदा जाड असते. फॉइल नाही, तर शेजारणीला लांब ठेवायला अंगावर प्लास्टिक वाढवावं लागतं.

एकूण रक्कम त्या कोटेशनपेक्षा कमी आली. मालक म्हणाले, "स्वस्तातलं देताय काय मला?" हा संशय आम्हाला नवा नाही.

३ फेब्रुवारी

ऑफिसचं ओढकाम सुरू. खोकं जमिनीवर ठेवून तोंडातून केबल सरळ येऊ द्यायची, जोरात हिसका नाही. चार जोड्यांच्या केबलला ११० न्यूटनच्या वर ताण द्यायचा नाही, म्हणजे साधारण ११ किलो वजन टांगल्याइतका. एवढ्या ताणाला पोरगा सहज पोचतो, फक्त त्याला ते जाणवत नाही. जोरात ओढलं की आतला पीळ सैल होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वळणाला केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्या ठेवायची. शील्डवालीला आम्ही आठपट धरतो, कारण फॉइल एकदा चुरगळली की सरळ होत नाही.

गठ्ठे बांधायला प्लास्टिक टाय बंद, वेल्क्रो. नवीन पोरानं विचारलं, टाय स्वस्त आहे ना? आहे, पण तो आवळताना हात कधी थांबत नाही.

५ फेब्रुवारी

जुन्या ऑफिसातला हिशेब विभागाचा एक पॉइंट तसाच वापरायचा असं ठरलं होतं. साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमानं लागतात, पण संगणक कधी १०० मेगाबिटवर येतो, कधी तुटतो. आधीच्या कुणीतरी रंग सरळ जोडीजोडीनं लावलेले: एक-दोन, तीन-चार, पाच-सहा, सात-आठ. दोन्ही टोकांना तसंच, म्हणून दिवे हिरवे. पण इथरनेटला तीन आणि सहा ही जोडी हवी असते. इथं तीन नंबर एका पिळातला, सहा नंबर दुसऱ्याच. सिग्नल जातो एका जोडीतून आणि परत येतो दुसऱ्या जोडीतून, म्हणजे पिळाचा उपयोगच संपला. दहा मीटरला खपून जातं, चाळीस मीटरला नाही.

जोड्या फुटलेली ही केबल दिव्यांच्या टेस्टरला कधीच सापडत नाही. जवळच्या टोकाची क्रॉसटॉक (एका जोडीचं दुसरीत ऐकू येणारं बोलणं) मोजणारं यंत्र ती लगेच पकडतं. आमच्याकडं दोन्ही टोकांना बी क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ए क्रम घेतला तरी चालतो, फक्त सबंध इमारतीत एकच हवा. जॅकमध्ये बसवताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडायचा नाही. पोरं आधी सुंदर सरळ विंचरून घेतात आणि मग दाबतात. दिसायला छान, मोजायला वाईट.

१० फेब्रुवारी

ऑफिस पूर्ण. सगळे पॉइंट पास. लेबलं दोन्ही टोकांना.

१३ फेब्रुवारी

मशीन शॉप. एफ/यूटीपीचा पहिला दिवस, म्हणून पोरांना घेऊन बसलो. साध्या केबलला जो वेळ लागतो, त्याच्या दुपटीच्या आसपास इथं जातो आणि तो बहुतेक टोकांवर जातो. बाहेरचं आवरण कापताना ब्लेड फॉइलला लागू द्यायचं नाही. फॉइलची एकच बाजू धातूची असते, दुसरी प्लास्टिकची. ड्रेन वायर धातूच्या बाजूला टेकलेली असते, म्हणून ती कधीही कापून टाकायची नाही. फॉइल मागं दुमडायची, ड्रेन वायर तिच्यावर गुंडाळायची आणि जॅकची धातूची पकड तिला सगळ्या बाजूंनी घट्ट धरेल असं बसवायचं. एका बिंदूला टेकवून भागत नाही, गोल चौफेर पकड हवी.

तिथून साखळी पुढं जाते: जॅक पॅच पॅनेलला (जॅक बसवायच्या पट्टीला), पॅनेल रॅकला (लोखंडी चौकटीला), रॅक हिरव्या-पिवळ्या जाड तारेनं अर्थ पट्टीला. यातली एक कडी सुटली, तर सगळी शील्ड हवेत लोंबकळणारा धातू. रॅकला पावडर कोटिंगचा रंग असतो, म्हणून पॅनेलच्या बोल्टखाली रंग खरवडला, दातेरी वॉशर घातले. हे काम कुठल्याच बिलात वेगळं दिसत नाही.

आणि पॅच कॉर्डही (जॅकपासून यंत्रापर्यंतची आखूड केबल) शील्डवाली. दोन मीटरची साधी कॉर्ड लावली की शील्ड यंत्राच्या दोन मीटर आधीच संपते.

सीएनसीच्या शेवटच्या टप्प्याला पीव्हीसीऐवजी पॉलियुरेथेनच्या आवरणाची केबल घेतली. कटिंग ऑइल पीव्हीसीला काही महिन्यांत कडक करून तडकवतं.

१८ फेब्रुवारी

मामांचा जुना प्रश्न आज शेडमध्ये पुन्हा आला: भट्टीच्या चुंबकीय क्षेत्राला फॉइल अडवेल का? नाही. मध्यम फ्रिक्वेन्सीच्या भट्टीचं क्षेत्र काहीशे ते काही हजार हर्ट्झचं. ५०० हर्ट्झला ॲल्युमिनियम सुमारे पावणेचार मिलिमीटर जाड असेल, तेव्हा क्षेत्र एक-तृतीयांशावर येतं. केबलमधली फॉइल मिलिमीटरच्या काही शतांश जाडीची. त्या क्षेत्राला ती आहे हेही कळणार नाही.

मग फॉइल कशासाठी? ड्राइव्ह आणि भट्टीचं पॅनेल करंट फार झटक्यानं चालू-बंद करतात, आणि त्या झटक्यांतून निघणारा त्रास मेगाहर्ट्झच्या घरात जातो. नेटवर्कचा सिग्नलही तिथंच असतो. तिथं फॉइल काम करते, आणि मेगाहर्ट्झच्या खालच्या टोकाला जाळी तिला हात देते. खालच्या हर्ट्झना तीन गोष्टी आवरतात: पीळ, अंतर आणि झाकणाचा लोखंडी ट्रे. म्हणून आज केबलीला हात लावायच्या आधी ट्रे हलवला. नवीन झाकणबंद जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) ट्रे समोरच्या भिंतीनं, पॉवरच्या ट्रेपासून लांब. जिथं ओलांडावंच लागलं तिथं काटकोनात.

आणि एक प्रयोग. जुनी करडी कॅट फाइव्ह ई टाय कापून तात्पुरती नवीन ट्रेत टाकली, तेच कॅमेरे, तोच स्विच. दुपारच्या हीटला (भट्टीच्या एका घाण्याला) कॅमेरे गोठले नाहीत. स्विचवर डेटाच्या चुका दिसत होत्या, पण पूर्वीच्या मानानं किरकोळ. मालक स्वतः उभे होते. म्हणाले, "म्हणजे जुनीच ठेवायची काय?" ठेवायची नाही, तिचं आवरण भाजून कडक झालंय. पण निम्म्याहून जास्त दुखणं जागेचं होतं, हे आज त्यांच्या डोळ्यांनी दिसलं. मामांनी या वेळी वही काढली.

२० फेब्रुवारी

पत्र्याखालच्या उष्णतेचा हिशेब. केबलची गळती (वाटेत सिग्नल किती क्षीण होतो ते) २० अंशाला मोजलेली असते. साध्या केबलला ४० पर्यंत दर अंशाला ०.४ टक्के आणि त्यापुढं ०.६ टक्के गळती वाढते असं धरतात, शील्डवालीला ०.२. एप्रिल-मेमध्ये पत्र्याजवळ ५० सहज होतं. म्हणजे साधीला १४ टक्के वाढ, शील्डवालीला ६. साधी टाकली असती तर (शंभरातून दोन्ही टोकांच्या कॉर्ड वजा जाता उरणाऱ्या) ९० मीटरच्या जागी ऐंशीच्या आत थांबावं लागलं असतं. आमची सगळ्यात लांब केबल कपाटापासून बरीच आखूड आहे, पण पुढं कुणी वाढवायला गेलं तर कळावं म्हणून कपाटाच्या दारावर कागद चिकटवला.

२५ फेब्रुवारी

फायबर ओढून झाली, स्प्लायसिंगही (फायबरची टोकं जोडणं). वजनकाट्याच्या केबिनमध्ये छोटा मीडिया कन्व्हर्टर (फायबरवरचा सिग्नल तांब्याच्या केबलवर आणणारा). वळवाच्या विजांची काळजी आता तांब्याच्या वाटेनं ऑफिसात यायची नाही. गेटच्या कॅमेऱ्याला केबिनमधूनच आखूड केबल, काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची, कारण घरातल्या पीव्हीसीला ऊन खातं.

कॅमेऱ्यांची वीज नेटवर्कच्या केबलमधूनच. साध्या कॅमेऱ्यांना २००३ च्या मानकाचे १५.४ वॅट पुरतात, फिरत्या कॅमेऱ्याला २००९ चं ३० वॅटचं मानक लागलं.

४ मार्च

सर्टिफिकेशन टेस्टर भाड्यानं आणला. मशीन शॉपमध्ये सगळे पास, एक सोडून. रिटर्न लॉसमध्ये (सिग्नल वाटेत आपटून किती मागं फिरतो त्यात) नापास, आणि यंत्र सांगत होतं की गडबड टोकाला नाही, मध्ये आहे. अंतर मोजून गेलो तर ट्रेच्या कोपऱ्यात केबल ट्रेच्या कडेवर काटकोनात मोडून दाबलेली, वर झाकण. तेवढी केबल बदलली.

शील्डच्या चाचणीत एक गफलत असते. साधा टेस्टर फक्त एवढंच बघतो की या टोकाचा धातू त्या टोकाच्या धातूला जोडलेला आहे का. आणि तो रॅकच्या अर्थिंगमधून, इमारतीच्या पट्टीतून फिरून जोडलेलाच असतो, मधे फॉइल तुटलेली असली तरी! पोरानं दोन पॉइंट तसेच पास म्हणून लिहिले होते. ते रॅकपासून सोडवून, शील्डचा माग केबलच्या वाटेनंच जातो का हे बघणाऱ्या पद्धतीनं पुन्हा मोजले. एका पॉइंटची ड्रेन वायर जॅकच्या पकडीबाहेर निघाली.

११ मार्च

दोन्ही भट्ट्या एकदम लोडवर घेऊन पूर्ण पाळी. दर तासाला स्विचवरचे चुकांचे आकडे उतरवले. ऑफिस शून्य. मशीन शॉप शून्य. फायबर शून्य. शेडच्या कपाटात एकच पोर्ट हळूहळू चढत होतं: भट्टीच्या पॅनेलमधल्या पीएलसीचं (भट्टीवर नियंत्रण ठेवणाऱ्या छोट्या संगणकाचं). केबल नव्वी, एस/एफटीपी, चाचणीत पास. पॅनेल उघडलं, तर पॅनेल बसवणाऱ्यांची आतली मीटरभराची कॉर्ड साधी, आणि ती ड्राइव्हच्या आउटपुट केबलीच्या गठ्ठ्यातून नेलेली. कॉर्ड शील्डवाली केली, दुसऱ्या कडेनं वळवली. पुढच्या हीटला आकडा जागचा हलला नाही.

लॅबचा रिपोर्ट भट्टीवरच्या स्क्रीनवर लगेच दिसतो आहे. भट्टीवाल्या दादांची नवीन तक्रार आहे की स्क्रीनवरचा अक्षरांचा आकार बारीक आहे. ते आमच्या कामात येत नाही, तरी सॉफ्टवेअरवाल्याला कळवलं.

१४ मार्च

हस्तांतरण. प्रत्येक पॉइंटचा चाचणी अहवाल, ट्रेचा नकाशा, कुठल्या रॅकला कुठली केबल, आणि अर्थिंगची जोडणी कुठं कुठं आहे याचा वेगळा कागद मामांच्या ताब्यात. दोन पट्ट्यांमधला व्होल्टेज दर तीन महिन्यांनी भट्टी लोडवर असताना मोजायचा, असं त्यांच्याच अक्षरात त्यांच्या वहीत आहे.

बाकी राहिलं ते: गेटचा अर्थ खड्डा नव्यानं करणं, जे इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचं काम आहे आणि पाडव्याच्या आत व्हायला हवं. जुनी करडी केबल ट्रेमधून काढणं पुढच्या साप्ताहिक सुट्टीला, पॉवर बंद असताना. शिल्लक एफ/यूटीपीचं उघडं खोकं मशीन शॉपच्या स्टोअरमध्ये, साध्याच्या खोक्यापासून वेगळ्या फळीवर, नाव लिहून ठेवलं आहे.